कोण ऐकतंय, हे कुणाच्या मापानं ठरवायचं? कोल्हापूरच्या जाहिरातदारासाठी रेडिओची तुलना

आमच्या दाजींचं राजारामपुरीत मिक्सर, कुकर, गिझर असल्या वस्तूंचं दुकान आहे. नवरात्र जवळ आलं की त्यांच्या काउंटरवर जाहिरात विकणाऱ्यांची रीघ लागते. यंदा एका एफएम स्टेशनचा माणूस आला, चकचकीत फाईल उघडून म्हणाला, "आमचा रीच बघा, सर." दाजींनी फाईल माझ्याकडं सरकवली. जाहिराती लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळं घरातलं हे खातं माझ्याकडंच असतं. मी आकड्यांच्या खालची बारीक अक्षरं वाचली. आकडे मुंबईचे होते.

"पावणं, मुंबईत मिक्सर विकायचाय व्हय मला?" दाजी म्हणाले.

खरं तर त्या बिचाऱ्यानं कोल्हापूरचा आकडा आणायचा कुठून? टॅम या संस्थेनं २००७ मध्ये 'रॅम' नावाची रेडिओची श्रोतृमोजणी सुरू केली, ती मोजक्या महानगरांपुरती. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास वस्ती असलेलं आपलं शहर त्यात नाही. टोमॅटो, मिरची, रेडिओ सिटी, आकाशवाणी, सगळ्यांचा आवाज इथं पोहोचतो, पण कोण किती वेळ ऐकतं याची नियमित मोजदाद नाही. मग स्पॉटचा दर मोठ्या शहरांच्या आकड्यांवर, ओळखीवर आणि घासाघिशीवर ठरतो.

माप म्हणजे काय हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. पावसाळ्यात घराघरात एकच प्रश्न असतो, "किती फूट झालं?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. मुंबईच्या भरतीचा तक्ता बघून कुणी पंचगंगेकाठचं घर रिकामं करत नाही. रेडिओच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

दाजींचा प्रश्न सरळ होता: पैसे ठेवायचे कुठं? त्याआधी मी त्यांना आकडे काढायच्या तीन तऱ्हा सांगितल्या, कारण माप बदललं की तेच स्टेशन लहानमोठं दिसायला लागतं.

जुनी तऱ्हा डायरीची. निवडलेल्या माणसाला आठवडाभरासाठी एक वही देतात. दिवसाचे पाव-पाव तासाचे रकाने असतात, कुठलं स्टेशन ऐकलं ते त्यात लिहायचं. आता तव्यावर भाकरी असताना वही घेऊन कोण बसतं? शाळेतली पोरं सुट्टीच्या शेवटच्या रात्री निबंध उरकतात, तशी वही आठवड्याच्या शेवटी भरली जाते. त्यामुळं जे नाव जिभेवर आहे त्याला भरघोस वेळ मिळतो, आणि केस कापताना सलूनमध्ये कानावर पडलेल्या स्टेशनला भोपळा. एफएमवाले प्रत्येक गाण्यामागं आपलं नाव आणि नंबर ओरडून सांगतात ना, त्याचं मूळ या वहीत आहे. रॅमही याच जातीची.

दुसरी तऱ्हा मीटरची. पेजरएवढं यंत्र कमरेला लावून हिंडायचं. स्टेशन आपल्या आवाजात माणसाला ऐकू न येणारा कोड मिसळतं आणि यंत्र तो टिपतं. तुम्हाला काय आवडलं, काय आठवलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कानाच्या टप्प्यात काय वाजत होतं तेवढंच ते नोंदवतं. स्वित्झर्लंडनं तर २००१ पासून मनगटी घड्याळातून अशी मोजणी केली, फक्त तिथं कोड नव्हता, घड्याळ भोवतालच्या आवाजाचे तुकडे टिपायचं आणि ते स्टेशनांच्या आवाजाशी जुळवले जायचे. अमेरिकेत आर्बिट्रॉन कंपनीनं २००७ मध्ये ह्यूस्टन आणि फिलाडेल्फियात डायरी बंद करून मीटर आणलं, आणि पुढं जे झालं ते दाजींना मी जरा सविस्तर सांगितलं, कारण सगळी गोम तिथंच आहे.

तिकडं 'अर्बन' रेडिओ म्हणजे कृष्णवर्णीयांचं संगीत वाजवणारी स्टेशनं: सोल, आर अँड बी, हिप-हॉप. डायरीत या स्टेशनांचे श्रोते भरभरून वेळ लिहायचे. सकाळी लावलं ते रात्रीपर्यंत आमचंच, असा हिशेब. मीटर आल्यावर दोन गोष्टी दिसल्या. जवळपास प्रत्येक स्टेशनची पोहोच वाढली, कारण लोक जितकी स्टेशनं लिहीत होते त्यापेक्षा जास्त त्यांच्या कानावर पडत होती. पण प्रत्येकाच्या खात्यातला ऐकण्याचा वेळ घटला, आणि ज्यांची मदार या लांबलचक, निष्ठावान ऐकण्यावर होती त्या अर्बन आणि स्पॅनिश स्टेशनांना सगळ्यात मोठा फटका बसला. ऑफिसात दिवसभर मागं गुणगुणत राहणारी, कुणाच्या खास प्रेमात नसलेली स्टेशनं वर आली. गाणी बदलली नव्हती, निवेदकही तेच होते.

स्टेशनवाले म्हणाले, ऐकणारे कुठं गेलेले नाहीत, तुमची मोजणी आंधळी आहे. मीटर दिलेल्या लोकांत तरुण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कमी आहेत, त्यातही ज्यांच्या घरी नुसता मोबाईल आहे अशी घरं फारच कमी, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. ऑक्टोबर २००८ मध्ये न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांच्या महाधिवक्त्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं. जानेवारी २००९ मध्ये तडजोड झाली आणि माणसं निवडायची पद्धत सुधारायचं कंपनीनं कबूल केलं. पण जाहिरातीचे दर कोर्टाच्या तारखांसाठी थांबत नाहीत. २०१२ मध्ये न्यूयॉर्कचं किस एफएम हे गाजलेलं स्टेशन आपली जागा क्रीडा वाहिनीला देऊन जुन्या प्रतिस्पर्ध्यात विलीन झालं. सगळं पाप मीटरच्या माथी मारता येणार नाही, मधल्या काळात मंदीही येऊन गेली होती.

पुढचा भाग ऐकून दाजी हसले. कोड लपायला आवाज भरीव लागतो. माणूस बोलताना थांबतो, श्वास घेतो, तिथं कोडला लपायला जागाच नसते, तो कमजोर पडतो आणि ऐकणं नोंदवायचं राहतं, म्हणून स्टेशनवाले निवेदकांना कमी बोलायला सांगू लागले. मग कोड ठळक करणारं व्होल्टेअर नावाचं एक खोकं बाजारात आलं आणि गाण्यांपेक्षा कोडवर खर्च सुरू झाला. तोवर आर्बिट्रॉन नीलसन या मोजणी करणाऱ्या बड्या कंपनीच्या ताब्यात गेली होती. २०१५ मध्ये नीलसननं स्वतःच कोड आणखी भक्कम केला. त्यावर कडी म्हणजे जानेवारी २०२५ चा नियम. पाव तासात निदान पाच मिनिटं ऐकलं तरच नोंद व्हायची, ती आता तीन मिनिटांवर व्हायला लागली. आकडे फुगले. रेडिओ लावणारी माणसं होती तेवढीच.

"म्हणजे लिटर लहान केला आणि दूध वाढलं म्हणायचं," दाजी म्हणाले. पंचगंगेकाठच्या माणसाला दुधाचा हिशेब चटकन कळतो.

तिसरी तऱ्हा ॲपवरची. इथं नमुना नाही, अंदाज नाही, जितके फोन जोडले तितके मोजले. आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर ॲपवरून कुठल्या शहरात कुठलं केंद्र ऐकलं जातं याच्या याद्या प्रसार भारतीनं काढल्या होत्या, त्यात पुणे बऱ्याचदा वरच्या जागी असायचं. माप स्वच्छ, पण त्याला फक्त फोन दिसतो. शिरोली एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये फळीवर ठेवलेला सेट, इचलकरंजीत मागाच्या खडखडाटावर मात करायला मोठा केलेला आवाज, टेम्पोच्या डॅशबोर्डवरची गाणी, गंगावेशीतली चहाची टपरी, यातलं त्याला काही दिसत नाही. एका सेटमागं दहा जोड कान असतात, ॲपला एका फोनमागं एकच माणूस कळतो.

उलट बाजूही खरी आहे. रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्या पोरांच्या कानात गाणी असतात, पण ती रेडिओची नसतात. नव्या फोनमध्ये एफएम बहुतेक सापडतच नाही. फोनमधला एफएम चालू ठेवावा, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकानं सप्टेंबर २०२३ मध्ये केली. त्याच वेळी खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात असंही सांगितलं. एरवी वाहतूक, हवामान असली माहिती सोडली तर बातम्या म्हणून त्यांना आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावण्यापलीकडं मुभा नाही. मला हा बातम्यांचा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. गाणं आता कुठंही मिळतं, अगदी हवं ते, हवं तेव्हा. पण कसबा बावड्याचा रस्ता पाण्याखाली गेलाय का, शिरोलीजवळ हायवे बंद आहे का, हे गाण्यांच्या ॲपला सांगता येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तो हायवे बंद पडला तेव्हा ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या, आठवतं ना? शहरातल्या म्युझिक स्टेशनला पुढची वीस वर्षं जगायचं असेल तर त्याच्याकडं बोलणारा माणूस आहे, हीच त्याची पुंजी. आणि मीटरची सवय लागलेली व्यवस्था त्याच माणसाला गप्प करते. उद्या कुणी कोल्हापुरात मीटर आणलं तर मी आनंदानं उड्या मारणार नाही.

शिवाय छोट्या शहरात मोजणी म्हणजे नमुना छोटा. टीव्हीची मोजणी बार्क ही संस्था २०१५ पासून आवाजातल्या अशाच खुणेवरून करते. तरी २०२० मध्ये मीटर बसवलेल्या घरांना पैसे चारल्याचे आरोप झाले आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे दीड वर्षाच्या आसपास बंद राहिले. देशभराच्या नमुन्याची ही गत, मग एका शहरातल्या दोन-चारशे घरांचं काय घेऊन बसलात.

आता निवड. मी दाजींना विचारलं, तुमचा माल माणूस कसा घेतो? मिक्सर कुणी गाणं ऐकता ऐकता उठून घ्यायला येत नाही. जुना जळतो, घरात चर्चा होते, मग दुकानाचं नाव आठवावं लागतं. म्हणजे दाजींना जुन्या वहीच्या गुणाचं स्टेशन हवं, लोकांच्या जिभेवर असलेलं. त्यांच्यासाठी दिवसाला वीस जिंगल वाजवण्यापेक्षा सकाळच्या आरजेनं स्वतःच्या तोंडानं, आपल्या भाषेत घेतलेलं दुकानाचं नाव भारी. महाग पडतं, तरीही. दोन दिवसांचा सेल लावणाऱ्या कापडवाल्याचं गणित उलटं: त्याला कानावर पडणं पुरे, त्यानं वर्कशॉपच्या वेळेत स्वस्तातले दहा सेकंदांचे स्पॉट ढिगानं घ्यावेत, आरजेच्या गोडव्याचे पैसे मोजू नयेत. बियाणं, पंप, पशुखाद्य विकणाऱ्यानं राधानगरी-भुदरगडकडचा श्रोता धरावा, म्हणजे आकाशवाणीचा १०२.७ आधी बघावा. आणि बारावीनंतरच्या क्लासवाल्यानं सरळ पोरांच्या फोनमध्ये जावं; रेडिओचे पैसे त्याच्या बाबतीत पोरांच्या वडिलांपर्यंत पोहोचतील, तेही फी वडील भरतात म्हणून अगदीच वाया जाणार नाहीत.

दराबद्दल एक खुंटी हाताशी ठेवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं आपल्या जाहिरातींसाठी खासगी एफएमचा आधारदर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला. प्रत्यक्ष दर शहराची लोकसंख्या आणि श्रोते बघून निघतो, आणि तो दुकानदाराला लागू नाही. पण "सरकारला कितीला देता?" एवढं विचारलं तरी समोरच्याची फाईल मिटते. दाजींनी विचारलं. मिटली.

शेवटी दाजींनी पैसे दोन स्टेशनांत वाटले आणि मोजणी स्वतःच करायचं ठरवलं. एका स्टेशनवर आरजे सांगणार, काउंटरवर 'रंकाळा' म्हणा, कुकरची गॅस्केट फुकट. दुसऱ्यावर शब्द 'पन्हाळा'. वहीत दोन रकाने, लिहायला दुकानातलं पोरगं. यातही आठवणीचा दोष आहे हे मी त्यांना सांगितलं. ऐकून विसरलेला गिऱ्हाईक आला तरी वहीत दिसणार नाही. "येऊ दे की, पैसे तर देईल," ते म्हणाले.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात होतो. एक मावशी आल्या, पाच लिटरचा कुकर बघितला, दोनदा झाकण लावून काढलं, आणि पैसे देताना म्हणाल्या, "ते रंकाळा की पन्हाळा कायतरी म्हणायचंय न्हवं?"

पोरानं पेन उचललं. "मावशी, कुठल्या स्टेशनवर ऐकलं?"

"ते काय ठावं न्हाई बाबा. आमचा पोरगा गाडीत लावतो ते."

दाजींनी गॅस्केट पिशवीत टाकली आणि वहीत तिसरा रकाना आखला.