मे महिन्यातलं फुकेत विकत घेण्याआधी हे वाचा

2024 चा मे. 7 तारखेला सांगलीत मतदान झालं, माझी निवडणुकीची ड्युटी संपली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही थायलंडमधल्या फुकेतच्या सहलीचे उरलेले पैसे भरले. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. पाच रात्री, विमानासकट 3 लाख 12 हजार. आमच्यासारख्या घरात एवढे पैसे दोन वर्षं बाजूला टाकल्यावर जमतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. ज्यांचं बुकिंग अजून व्हायचंय त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

एजंट ओळखीतून मिळाला होता. बोलायला गोड, प्रत्येक वाक्याला "ताई, तुम्ही निर्धास्त राहा." त्याने पाठवलेल्या कागदावर तीन गोष्टी ठळक होत्या: काटा बीचवर बीचफ्रंट रिसॉर्ट, 23 मेला सिमिलान बेटांची दिवसभराची सहल, आणि 24 ला फी फी बेटांची. सोबत फोटो. काचेसारखं निळं पाणी, तळातली वाळू दिसतेय, मुलं कमरेएवढ्या पाण्यात उभी. मुलांनी तो फोटो घरातल्या टीव्हीवर लावून ठेवला होता.

सासूबाईंचं माहेर देवगडचं. त्यांनी एप्रिलमध्येच विचारलं होतं, "मे सरताना दर्यावर कसे जाता गं तुम्ही?" मी म्हटलं, आई, ते परदेशातलं आहे, तिथलं वेगळं असतं. एजंटलाही विचारलं. तो म्हणाला, "पाऊस असतो ताई, पण अर्धा तास पडतो आणि ऊन पडतं. समुद्राला काही फरक पडत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. असं म्हणणारा एकतर तिथे कधी गेलेला नसतो, नाहीतर जाणूनबुजून खोटं बोलत असतो.

आपण दर मेमध्ये बातमी वाचतो, "मान्सून अंदमानात दाखल." त्या वर्षी ती 19 मेला आली. आम्ही 21 ला निघालो. फुकेत त्याच अंदमान समुद्राच्या पलीकडच्या काठावर आहे, आणि त्याचे पाटाँग, कारोन, काटा हे सगळे नावाजलेले किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत. नैऋत्येचा वारा कोकणात पोचण्याआधी तिथे थडकलेला असतो. मेपासून ऑक्टोबरपर्यंत तिथला समुद्र खवळलेला असतो. मालवणात मे संपता संपता स्कुबा आणि पॅरासेलिंग बंद करतात ते ज्या कारणाने, तेच कारण तिथे. आमच्या शाळेच्या भिंतीवर आशियाचा नकाशा आहे. मी त्याच्यासमोर वीस वर्षं उभी राहून मान्सून शिकवला आहे, तरी हे माझ्या लक्षात आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

विमानतळावरून गाडी काट्याला आली आणि किनारा सोडून डोंगराकडे वळली. हॉटेलचं नावच वेगळं. किनारा तिथून अडीच किलोमीटर, मधे चढ. एजंटला फोन केला तर म्हणाला, "कागद नीट वाचा ताई, 'किंवा तत्सम' लिहिलंय." खरंच लिहिलं होतं, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. या दोन शब्दांवर त्याचा सगळा धंदा चालतो. पैसे घेताना एका हॉटेलचे फोटो दाखवायचे आणि उतरवायचं दुसरीकडे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे किनाऱ्यावर जायचं तर प्रत्येक वेळी गाडी आली. फुकेतमध्ये रस्त्यावरच्या टुकटुकचे दर अंगावर येतात. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ॲपवरून गाडी मागवायला लागलो, ती बरीच स्वस्त पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो. पाणी करडं, लाटा डोक्याएवढ्या, आणि वाळूत ठरावीक अंतरावर लाल झेंडे. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. फळ्या घेतलेली सर्फिंगची मुलं तेवढी आत होती. त्यांचा काट्यातला हंगामच पावसाळ्याचा असतो, हे मला तिथे कळलं. माझा धाकटा घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. लाट परत फिरली तशी त्याच्या टाचांखालची वाळू सरकली आणि तो बसकण मारून दोन हात आत ओढला गेला. जीवरक्षकाची शिट्टी वाजायच्या आत सासूबाईंनी त्याचा दंड धरला होता. "पाण्याक ओढ आसा, पोरांका सोडू नको," एवढंच त्या म्हणाल्या. एरवी त्या आमच्याशी मालवणीत बोलत नाहीत. त्यानंतरचे चार दिवस मुलं हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात खेळली. तसला तलाव सांगलीतही आहे.

फसवणूक कशी होते हे सर्वात स्पष्ट दिसलं ते सिमिलानच्या प्रकरणात. 22 च्या रात्री मी स्वागतकक्षात विचारलं, उद्या गाडी किती वाजता येणार? तिथल्या मुलीने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. सिमिलान हे राष्ट्रीय उद्यान आहे. प्रवाळ सावरावं म्हणून आणि समुद्र धोक्याचा असतो म्हणून ते दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंद असतं. थाप लामूच्या जेटीवरून बोटीच सुटत नाहीत. म्हणजे आम्हाला एजंटने 23 मेची अशी सहल विकली होती, जी त्या दिवशी जगात कुठेच अस्तित्वात नव्हती. हवामान बिघडलं, बोट नादुरुस्त झाली, असं काही नाही. तारखा आधीपासून ठरलेल्या होत्या. त्याने कुणाकडेही बुकिंग केलेलं नव्हतं, पाच माणसांचे पैसे सरळ खिशात घातले होते. फी फीची बोट लाटांमुळे रद्द झाली तेव्हा त्याचा निरोप आला, "हवामानामुळे रद्द, परतावा नाही." त्यानंतर फोन बंद.

जेट स्कीबद्दलही सांगते, कारण आमच्या हॉटेलातलं एक पुण्याचं जोडपं थोडक्यात वाचलं. पाटाँगला आणि पट्टायालाही हा प्रकार जुना आहे. भाड्याने देताना पासपोर्ट ठेवून घेतात, परत आल्यावर जुने ओरखडे दाखवून हजारो बाथ भरपाई मागतात, चार-पाच जण भोवती उभे राहतात. पासपोर्ट कुणाच्याही हातात देऊ नका. असा प्रसंग आलाच तर थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आहे.

आता बुकिंगच्या वेळचं, जे मला तेव्हा खटकायला हवं होतं. पैसे त्याने कंपनीच्या नव्हे, बायकोच्या खात्यावर यूपीआयने मागितले. बिल "नंतर देतो." परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला आपला पॅन घेऊन टीसीएस, म्हणजे विकतानाच घ्यायचा प्राप्तिकर, वसूल करून भरावाच लागतो, तो आपल्या प्राप्तिकराच्या नोंदीत दिसतो. याने पॅन मागितलाच नाही, वर म्हणाला, "तुमचे तेवढे वाचवतोय." कर वाचवून देणारा एजंट बिल देत नाही, आणि बिल नसलं की उद्या व्यवहार झालाच नव्हता असं म्हणायला तो मोकळा.

तरी आमचे काही पैसे परत आले, ते स्क्रीनशॉटमुळे. "23 मे, सिमिलान, पक्कं" असा त्याचा निरोप माझ्याकडे होता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग नोटीस पाठवली, मग सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. वकीलसुद्धा सक्तीचा नाही. तडजोडीत 46 हजार मिळाले. बाकीचे गेले.

मेमध्ये समुद्रावर जायचंच असेल तर आधी नकाशा उघडून किनारा कुठल्या दिशेला आहे ते बघा. थायलंडमध्येच पूर्वेच्या आखातातलं को समुई तेव्हा बरंच शांत असतं, तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. श्रीलंकेत बेंटोटा, मिरिस्सा नको, पूर्वेचं त्रिंकोमाली, निलावेली बघा. मलेशियात लंकावीपेक्षा पूर्वेकडची पेर्हेंतियन बेटं. बालीत एप्रिलपासून कोरडा हंगाम सुरू होतो. मालदीवमध्ये मात्र मेपासून नैऋत्य मान्सूनच असतो, आणि "ऑफ सीझन स्वस्त" म्हणून तेच सर्वात जास्त विकतात. स्वस्त का, हे विचारा. हॉटेलचं नाव घेऊन हॉटेलला स्वतः मेल करा, आपल्या नावाचं बुकिंग आहे का ते विचारा. दोन ओळींचं उत्तर येतं. आम्ही ते केलं असतं तर सांगलीतच कळलं असतं.

या मार्चमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर त्याच एजंटची जाहिरात कुणीतरी टाकली. "समर स्पेशल", 25 मेची तारीख, आणि तोच निळ्या पाण्याचा फोटो. मी खाली सिमिलानच्या बंदचे महिने लिहिले आणि त्याचा 23 मेचा निरोप जसाच्या तसा जोडला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा रात्री फोन आला. त्यांनी 20 हजार आगाऊ भरले होते. सकाळी आम्ही दोघी मिळून हॉटेलला मेल केला.