गिनुंटिंग: बाक नंतर बघा, आधी मूठ बघा

फिलिपिन्सच्या विसाया बेटांपैकी पानाय आणि नेग्रोस ही या तलवारीची घरं. ‘गुंटिंग’ म्हणजे कात्री. कात्रीचं एक पातं सुटं करून हातात धरावं तसा हिचा आकार, म्हणून गिनुंटिंग. पाठ टोकाकडे जाताना खाली झुकते आणि टोक मुठीच्या रेषेखाली उतरतं. आपल्या बाकदार तलवारींचा बाक बहुधा मागे जातो, हिचा पुढे. कोयत्याची सवय असलेल्या हाताला ही लगेच कळते, कारण गणित तेच आहे: वजन पुढे, त्यामुळे घाव बसताना पातं घसरत नाही, चावतं. पेकिती-तिर्सिया ही युद्धकला शिकणाऱ्यांमध्ये हिला मान आहे आणि फिलिपिन्स मरीनच्या फोर्स रीकॉन (टेहळणी करणाऱ्या) तुकडीनेही ही तलवार स्वीकारली आहे. त्यामुळे मागणी वाढली, आणि मागणीबरोबर भिंतीवर टांगण्यापुरता मालही.

ग्राहक फोटोतल्या बाकावर भाळतो. पण पुढे झुकलेल्या पात्याचा प्रत्येक घाव मुठीच्या तोंडाशी जोर लावतो आणि तलवार मोडते ती तिथेच. म्हणून परीक्षा मुठीपासून सुरू करावी.

पात्याचं मुठीत जाणारं शेपूट मुठीच्या लांबीच्या निदान दोन तृतीयांश आत गेलेलं हवं. पारंपरिक पद्धतीत ते तापवून लाकडात जाळत बसवतात आणि राळेने पक्कं करतात. आता बरेच पांदाय (तिकडचे लोहार) एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) वापरतात. त्यात कमीपणा काही नाही, उलट दमट हवेत एपॉक्सी जास्त टिकतं. शेपूट मुठीच्या मागून बाहेर काढून ठोकून बसवलेलं असेल तर फारच चांगलं. खरा धोका दोन ठिकाणी असतो. एक, आखूड शेपटाला आटे पाडलेली सळई वेल्डिंगने जोडलेली असते आणि ती जोडावरच तुटते. दोन, पातं संपून शेपूट सुरू होतं तिथला कोपरा अगदी काटकोनात कापलेला असतो. तिथून बारीक भेग सुरू होते आणि ती मुठीच्या आत असल्यामुळे दिसत नाही. हा कोपरा गोलसर हवा. मूठ बसल्यावर यातलं काहीच तपासता येत नाही, म्हणून मागणी देतानाच मूठ चढवण्याआधीच्या शेपटाचा फोटो मागून घ्या. द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून घेऊ नका.

तयार तलवार हातात आली की मूठ सैल धरून पात्याच्या पाठीवर बोटाच्या पेराने टिचकी मारा. स्वच्छ, लांबणारा आवाज आला तर ठीक. आवाज बद्द आला किंवा बारीक किणकिण ऐकू आली, तर आत काहीतरी सैल आहे.

आता पातं. चांगल्या गिनुंटिंगचं पोलाद बहुधा गाडीच्या पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं असतं. तिकडे त्याला ‘मोल्ये’ म्हणतात. आपले लोहार जुन्या ट्रकच्या पाट्यातून कोयते करतात, तोच प्रकार. ५१६० जातीच्या पाट्यात सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि थोडं क्रोमियम असतं. पाणी नीट दिलेलं (म्हणजे तापवून, झटकन गार करून कडक केलेलं) असेल तर ते धार धरतं आणि लवचीकही राहतं. भंगारातला पाटा असेल तर त्यात जुन्या थकव्याच्या भेगा असू शकतात, त्यामुळे नवा पाटा वापरला का, हे विचारणं वावगं नाही.

स्टेनलेसचा शोभेचा माल ओळखायला लोहचुंबक निरुपयोगी आहे, कारण स्वस्त स्टेनलेस पात्यांनाही ते चिकटतं. त्यापेक्षा मुठीजवळ कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब दहा मिनिटं ठेवा. साधं कार्बन पोलाद करडं पडतं, स्टेनलेस तसंच चकचकीत राहतं. नंतर पाण्याने पुसून तेलाचं बोट फिरवायचं.

पाणी कसं दिलंय ते बारीक कानशीने कळतं. धारेवर कानस घसरली पाहिजे. पाठीवर ती थोडी चावली तर धार कडक आणि पाठ मऊ ठेवली आहे, तलवारीला तेच हवं. धारेजवळ निळसर किंवा जांभळट छटा दिसली तर ग्राइंडरने धार लावताना पोलाद तापून तिथलं पाणी उतरलंय. अशी धार दोन बांबूंत मुडपते. लवचीकपणा पाहायला टोक लाकडी फळीवर टेकवून पातं दोनेक सेंटीमीटर वाकवा. सोडल्यावर ते पूर्ण सरळ व्हायला हवं. जास्त जोर लावून पराक्रम दाखवायची गरज नाही.

जाडीसाठी व्हर्नियर लावा, एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी. मुठीजवळ सहा मिलिमीटर असेल तर मध्यावर पाच आणि टोकाजवळ साडेतीन-चार, असा उतार बरा. पाटा जाड तसाच ठेवून नुसता बाहेरून आकार कापलेली पाती सर्रास विकली जातात. त्यांचं टोक जड होतं, घाव जोरात बसतो, पण चुकलेला घाव आवरताना मनगट वाचत नाही. अठरा ते वीस इंच पात्याला एकूण वजन ६०० ते ७५० ग्रॅम आणि तोल (तलवार बोटावर आडवी तोलली जाते ती जागा) मुठीच्या तोंडापासून दहा ते तेरा सेंटीमीटर पुढे, एवढ्यात राहिली तर तलवार हातात खेळते. तोल पंधराच्या पुढे गेला की तो महागडा कोयताच.

धारेबद्दल खास सांगायचं, कारण परत पाठवलेल्या बऱ्याच तलवारींत दोष नसतोच. विसायातली पाती अनेकदा पटाशीसारखी असतात: एक बाजू सपाट, दुसरीला उतार. उजव्या हाताच्या माणसासाठी सपाट बाजू डावीकडे येते. अशी धार कापताना सपाट बाजूकडे सरकते. पटाशी उभी ठोकली की ती रेषेच्या मागे सरकते, हे प्रत्येक सुताराला माहीत आहे. दोन्ही बाजूंना उतार असलेल्या पात्याची सवय असेल तर पहिले घाव वाकडे जाणारच. डावखुऱ्यांनी तसं सांगून उलटं पातं करवून घ्यावं, आणि धार लावताना सपाट बाजूला कोन पाडू नये, तिथे फक्त कंगोरा (घासताना उलटलेली बारीक कड) काढायचा. काही पाती पोटात, म्हणजे धारेच्या बाजूला, किंचित आत वळलेली असतात. तिथे सरळ दगड चालत नाही, गोल दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून धार लावावी लागते.

चाचणीसाठी केळीचा खांब आणि ओला बांबू पुरे. केळीचा रस पोलादाला डाग पाडतो, लगेच पुसा. बांबूवर घाव साधारण ४५ अंशात घ्या.

मुठीला कराबाव म्हणजे तिकडच्या म्हशीचं शिंग किंवा कामागोंगसारखं लाकूड असतं. (कामागोंग आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातला.) शिंग देखणं, पण कोरड्या हवेत आकसतं आणि त्याला कीड लागते. वापरायची तलवार असेल तर लाकूडच घ्या. म्यान दोन फळ्यांचं, वेताने किंवा पट्ट्यांनी बांधलेलं असतं. पात्याचा बाक पुढे असल्याने उपसताना धार फळ्यांच्या सांध्यावर घासते, म्हणून म्यान धरताना बोटं धारेच्या बाजूला कधीही नेऊ नका. कोकणच्या पावसाळ्यात पातं म्यानात ठेवूच नये, लाकूड ओल धरतं. मशीनचं पातळ तेल लावून कापडात गुंडाळा. खोबरेल तेल कालांतराने चिकट होतं.

भारतात मागवायची तर शस्त्र नियम आधी वाचा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तलवार शस्त्रांतच मोजली जाते आणि शेती-घरकामाच्या अवजारांची सवलत तिला मिळत नाही. आयात आणि बाळगण्याचं काय, हे पोलीस परवाना शाखेत विचारूनच पैसे भरा.

दोन हातांनी चालवायचा मिंदानाव या फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या बेटावरचा पानाबास हाही पुढे झुकलेलाच, पण तो फारच अवजड आणि सरावाला उपयोगाचा नाही. सराव आणि संग्रह दोन्ही साधायचं असेल तर अठरा इंची, गार्ड (मुठीपुढची हात वाचवणारी आडपट्टी) नसलेली किंवा अगदी छोटा गार्ड असलेली गिनुंटिंग घ्या. झाडंझुडपं तोडायची असतील तर गावच्या लोहाराचा कोयता जास्त कामाचा आणि कितीतरी स्वस्त.