संमतीपत्र कागदावर की टॅबवर? टॅटू स्टुडिओचा हिशेब

टॅटू स्टुडिओ थाटताना खुर्ची कुठली, दिवा कुठला यावर महिनाभर खल होतो. संमतीपत्र मात्र आदल्या रात्री कुठूनतरी उतरवून छापलं जातं. कामं वाढली की प्रश्न येतो, कागदच चालू ठेवू की टॅबवरचं अ‍ॅप घेऊ? मी दोन्ही वापरलंय.

सहीपुरता फारसा फरक नाही. अमेरिकेत २००० च्या कायद्याने आणि युरोपीय संघात २०१४ च्या नियमाने, निव्वळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून सही बाद ठरत नाही. मजकूर चुकीचा असेल तर तो दोन्हीकडे चुकीचाच. 'काही झाल्यास स्टुडिओ जबाबदार नाही' हे सगळ्यांचं लाडकं वाक्य घ्या. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार, निष्काळजीपणामुळे इजा झाली तर या वाक्याआड लपता येत नाही. आणि पिऊन आलेल्याची सही कागदावर घ्या नाहीतर काचेवर, तिच्यावर विसंबू नका.

वयाच्या पुराव्यात टॅब पुढे आहे. ब्रिटनचा १९६९ चा कायदा १८ वर्षांखालच्यांच्या अंगावर टॅटू काढणं गुन्हा मानतो, आईवडिलांची परवानगी असली तरी. आर्टिस्टला बचाव असा की समोरचा १८ चा आहे असं मानायला वाजवी कारण होतं आणि आपण तसं खरंच मानलं होतं. आता कागदावरची 'ओळखपत्र पाहिले' समोरची बरोबरची खूण बघा. कुठलं ओळखपत्र? कुणी पाहिलं? चांगलं अ‍ॅप जन्मतारीख भरल्याशिवाय पुढे सरकू देत नाही आणि वेळही आपोआप टिपतं. कागदावर हे जमतं, पण गर्दीच्या दिवशी पहिला तोच रकाना रिकामा राहतो.

आरोग्याच्या प्रश्नांना मात्र टॅब मला आवडत नाही. लोक 'नाही, नाही, नाही' असं दाबत सुटतात. कागदावर पेन जरा तरी अडखळतं. रक्त पातळ करणारी गोळी, केलॉइड (जखम भरताना फुगून वाढणारा व्रण), लेटेक्सची अ‍ॅलर्जी हे मी तोंडीच विचारतो आणि उत्तर स्वतः लिहितो.

खरा कस लागतो तो सहीनंतर. कुठली शाई, कुठला बॅच नंबर, सुई कुठल्या पाकिटातली, मुदत कधीची. माझ्याकडे एकदा एक ताई चार महिन्यांनी आल्या, गुलाबाचा फक्त लाल भाग खाजून फुगलेला. फाइल काढली, तर माझ्याच अक्षरात एवढंच: 'लाल'. त्या काळात आमच्याकडे लाल शाईच्या तीन बाटल्या चालू होत्या. त्वचारोगतज्ज्ञांना सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. युरोपीय संघात तर जानेवारी २०२२ पासून शाईच्या लेबलवर बॅच नंबर सक्तीचा आहे आणि लेबलवरची माहिती सुई लावण्याआधी गिऱ्हाइकाला द्यावी लागते.

इथे कागदाची बाजू अनपेक्षितपणे भक्कम आहे. सुईच्या पाकिटाचा बॅच नंबर असलेला तुकडा कापून फॉर्मवर चिकटवला की काम झालं. टॅबला शाईने माखलेल्या ग्लोव्हने हात लावायचा नसतो. म्हणून फोटो आधीच, मांडणी करतानाच काढायचे. पण एखादी शाई कंपनीने परत मागवली, तर त्या बॅचची माणसं अ‍ॅप क्षणात शोधून देतं. कागदावर सगळं कपाट उपसावं लागतं. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे अवजारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, नोंद म्हणून निघणारी थर्मल कागदाची पट्टी तर काही वर्षांत पुसट होते, तिची झेरॉक्स किंवा स्कॅन हवाच.

गोपनीयतेत दोघेही नापास होऊ शकतात. काउंटरवर उघड्या पडलेल्या फाइलमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचं हिपॅटायटिस पुढचा वाचतो. अ‍ॅपमध्ये तीच माहिती कुणाच्या सर्व्हरवर बसली आहे, हे मालकालाच ठाऊक नसतं. युरोपात २०१८ पासून लागू झालेला डेटा कायदा आरोग्याच्या माहितीला खास संरक्षण देतो. कागदाची नीट लावलेली फाइलही त्यातून सुटत नाही. फोटो सोशल मीडियावर टाकण्याची परवानगी वेगळ्या सहीने घ्या, टॅटूच्या संमतीत ती घुसडू नका.

एकट्याने, रोज एकदोन कामं करत असाल तर कागद ठेवा, रोज रात्री स्कॅन करा. तीनचार आर्टिस्ट एका छताखाली असतील तर टॅब घ्या. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी करून बघा: बॅच नंबर टाकून माणूस सापडतो का, आणि वर्गणी बंद केल्यावर सगळे फॉर्म पीडीएफमध्ये बाहेर काढता येतात का. दुसऱ्याचं उत्तर विक्रेता 'बघतो' असं देत असेल, तर तूर्त पंचिंग मशीन आणि फाइलच बरी.