२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो

रेडमी नोट १३ प्रो हातात घ्या, कॅमेरा उघडा आणि काहीही न बदलता बटण दाबा. फोटो तयार होतो तो सुमारे साडेबारा मेगापिक्सेलचा. खोक्यावर २००, दुकानातल्या फलकावर २००, आणि हातात साडेबारा. म्हणजे फसवणूक झाली का? नाही. उलट कंपनीने नेहमीचा मोड साडेबारावर ठेवला, हा या कॅमेऱ्याबाबतचा सगळ्यात शहाणा निर्णय आहे. तक्रार आहे ती फलकावरच्या आकड्याबद्दल. फोटो चांगला येणार की नाही, हे त्या आकड्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये हा फोन भारतात आला तेव्हा त्याची किंमत पंचवीस हजारांच्या आसपास होती. मुख्य कॅमेऱ्यात सॅमसंगचा आयसोसेल एचपी३ सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) आहे. आकार १/१.४ इंच, प्रत्येक पिक्सेल ०.५६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद, लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ/१.६५ (लेन्सचं तोंड किती उघडं याचं माप) आणि हात हलला तरी लेन्स सावरून धरणारं ओआयएस. यातली कामाची माहिती २०० या आकड्यात नाही, बाकीच्या चार गोष्टींत आहे.

‘१/१.४ इंच’ ही जुन्या कॅमेरा-नळ्यांच्या काळापासून चालत आलेली मोजायची तऱ्हा आहे. ती पट्टीने मोजलेली लांबी नव्हे. प्रत्यक्षात हा सेन्सर साधारण ९.१ मिलिमीटर रुंद आणि ६.९ मिलिमीटर उंच, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. त्यावर वीस कोटी पिक्सेल बसवले आहेत. आता एकराचे चाळीस गुंठे पाडले म्हणून पीक वाढत नाही. पाऊस पडतो तेवढाच पडतो. वर प्रत्येक तुकड्याला बांध घालावा लागतो आणि त्यात थोडी जमीन जातेच. सेन्सरचंही तसंच आहे. शेजारच्या पिक्सेलमध्ये प्रकाश झिरपू नये म्हणून मध्ये भिंती घालाव्या लागतात. एकूण प्रकाश ठरतो तो सेन्सरच्या क्षेत्रफळावर आणि लेन्सच्या तोंडावर, तुकड्यांच्या संख्येवर नाही.

म्हणून नेहमीच्या मोडमध्ये फोन चार बाय चार अशा सोळा पिक्सेलांचा एक मोठा पिक्सेल करतो. याला बिनिंग म्हणतात. ०.५६ चा पिक्सेल मग २.२४ मायक्रॉनचा होतो, २०० ला सोळाने भागलं की साडेबारा उरतात, आणि रात्रीच्या फोटोतला दाणेदारपणा आटोक्यात येतो. शिवाय हे सोळा पिक्सेल मुळातच एका रंगाच्या गाळणीखाली असतात: सोळा हिरवे, मग सोळा लाल किंवा निळे. म्हणजे रंगाची नोंद साडेबारा मेगापिक्सेलच्याच जाळीवर होते. २०० चा मोड लावला की फोनला या ठोकळ्यांतून बारीक जाळी रचावी लागते आणि मधल्या जागचे रंग अंदाजाने भरावे लागतात. या कामाला रीमोझेक म्हणतात. उन्हात, ठळक कडांवर हा अंदाज बऱ्यापैकी जमतो. दाट झाडोरा, केस किंवा पैठणीचा बारीक पोत आला की गडबडतो. पावसाळ्यात गडाचा उतार टिपलात, तर हिरवळीच्या जागी जलरंगाचे फराटे दिसतात ते यामुळेच. दाणे पुसायला म्हणून फोन जो गुळगुळीत हात फिरवतो, तो त्यात भर घालतो.

यापुढची अडचण कुठल्याही सॉफ्टवेअरला सुटणारी नाही. लेन्स कितीही निर्दोष घडवली तरी प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून पडत नाही, त्याची छोटी चकती होते. हिचा व्यास काढायचा तर २.४४ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी गुणिले अ‍ॅपर्चरचा आकडा. हिरव्या प्रकाशासाठी ०.५५ मायक्रॉन धरा आणि अ‍ॅपर्चर १.६५, उत्तर येतं २.२ मायक्रॉन. म्हणजे सर्वोत्तम लेन्सचा सर्वात बारीक ठिपकासुद्धा चार पिक्सेल रुंद. त्या चकतीचा मधला भाग जास्त उजळ असतो, त्यामुळे पिक्सेल लहान केल्याचा थोडा फायदा होतो खरा. पण दोनशेपैकी बराचसा आकडा हा त्याच चकतीचे अधिक बारीक काप करण्यात खर्ची पडतो. खऱ्या लेन्सला दोष असतात, कोपऱ्यांत ती आणखी मऊ पडते. तेव्हा हिशेब याहून वाईटच.

आकड्यांचा आणखी एक फसवा भाग. बारावरून २०० म्हणजे सोळापटीहून जास्त, असं वाटतं. पण तपशील लांबीत मोजायचा असतो, क्षेत्रफळात नाही. वर्गमूळ घेतलं की उरते चौपट, तीही कागदावर.

आता २०० चा मोड नेमका कुठे अडतो ते पाहू. प्रत्येक पिक्सेलची नोंद दहा बिटांत धरली, तर साडेबारा मेगापिक्सेलची एक कच्ची चौकट, म्हणजे एकदा टिपलेलं चित्र, सुमारे १६ एमबीची होते. २०० मेगापिक्सेलची २५० एमबीची. आजचा फोन चांगला फोटो काढतो तो एका चौकटीतून नव्हे. तो आठ-दहा चौकटी झटपट घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, सावल्या उचलतो, आकाश जळू देत नाही. आठ छोट्या चौकटी म्हणजे सव्वाशे एमबी. आठ मोठ्या म्हणजे दोन जीबी. मधल्या दर्जाच्या चिपला हे ओझं पेलत नाही. म्हणून २०० च्या मोडमध्ये ही जुळवाजुळव कमी होते किंवा होतच नाही. गणपतीच्या मंडपात फरक लगेच कळतो: मूर्तीच्या चेहऱ्यावर नीट उजेड धरलात तर मागची रोषणाई पांढरी फटक, आणि रोषणाई सांभाळलीत तर मूर्ती काळवंडलेली. तीच चौकट नेहमीच्या मोडमध्ये काढा, दोन्ही सापडतात.

दुसरी अडचण हाताची. एवढ्या बारीक पिक्सेलवर फोटो धारदार हवा असेल तर शटर निदान १/२०० सेकंदाच्या वेगाचं लागतं. उन्हात ते सहज मिळतं. रात्री एका ट्यूबलाइटच्या खोलीत, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १०० वर, हा कॅमेरा १/१० ते १/२० च्या घरात येतो. ओआयएस हाताची थरथर झेलेल, पण समोर पळणारं पोर किंवा गरब्यातला घेर झेलणार नाही. वेग वाढवावा तर आयएसओ दहा-वीस पटीने वाढतो, आणि सोळा पिक्सेल एकत्र न केल्याने दाणे उघडे पडतात.

मग हा आकडा पूर्ण वाया गेला का? नाही, पण त्याचं खरं मोल २०० मध्ये नसून ५० मध्ये आहे. ५० चा मोड चार-चार पिक्सेल एकत्र करतो, पिक्सेल १.१२ मायक्रॉनचा होतो, फाइल आवाक्यात राहते. भर उजेडात स्थिर गोष्टीसाठी हाच लावावा: मंदिराचा कोरीव खांब, भिंतीवरचं वारली चित्र, पन्नास जणांचा लग्नातला ग्रूप फोटो. दुसरा उपयोग दुप्पट झूमचा. या फोनला लांबचं जवळ आणणारी वेगळी टेलिफोटो लेन्स नाही, तेव्हा २एक्स दाबलं की सेन्सरचा मधला पाव भाग वापरला जातो, आणि ५० मेगापिक्सेलचा पाव भाग म्हणजे पुन्हा साडेबारा. माणसांच्या चेहऱ्यांना हे २एक्स जवळच्या १एक्सपेक्षा नेहमीच बरं, कारण तुम्हाला दोन पावलं मागे जावं लागतं आणि नाक फुगत नाही. ४एक्सला मात्र एकेकटे ०.५६ चे पिक्सेल वापरात येतात. जाहिरात त्यालाही ‘तपशील न गमावणारा झूम’ म्हणते. भर दुपारी चालून जातं, तिन्हीसांजेनंतर नको.

स्वतः पारखायचं असेल तर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला लावा, खिडकीच्या उजेडात. फोन दोन मीटरवर स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवा, लेन्स रुमालाने पुसा, तीन सेकंदांचा टायमर लावा. एकदा १२.५, एकदा ५०, एकदा २००. मग तिन्ही फोटो स्क्रीनवर सारख्याच आकारात येतील इतके मोठे करून अक्षरं वाचा. शंभर टक्के मोठं करून तुलना करू नका. तसं केलं की २०० चा फोटो विनाकारण बदनाम होतो. अनुस्वार आणि अर्ध्या र चा रफार सुटा दिसतो का, ‘ष’ च्या पोटातली रेघ भरून जाते का, एवढंच पाहा. साडेबाराहून ५० कडे जाताना फरक दिसायला हवा. ५० वरून २०० वर जाताना अक्षरं जवळपास तेवढीच राहिली आणि कडांना अळ्या फुटल्यासारखे नागमोडी धागे दिसले, तर तो रीमोझेक. शेवटी पडदा ओढून खोली अंधुक करा आणि तेच पुन्हा. दुसऱ्या फेरीत २०० चा फोटो मागे पडणार, यात शंका नको.

लागतात तरी किती मेगापिक्सेल? चार बाय सहा इंचांची छपाई, इंचाला ३०० ठिपके धरून, २.२ मेगापिक्सेलमध्ये होते. ए४ ला ८.७ पुरतात. फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा ८.३ चा. चौकातला दहा बाय आठ फुटांचा वाढदिवसाचा फ्लेक्स? तो वीस फुटांवरून बघतात, इंचाला ३० ठिपके भरपूर झाले, हिशेब १०.४ मेगापिक्सेल. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलात, तर लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे दोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. मूळ फोटो पोचवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

या फोनची खरी कमतरता दुसरीकडे आहे. २०० च्या शेजारी बसलेत रुंद दृश्य टिपणारा ८ मेगापिक्सेलचा अल्ट्रावाइड आणि अगदी जवळच्या वस्तूंसाठीचा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो. अल्ट्रावाइड उन्हात ठीक, संध्याकाळी कोपरे विरघळतात. मॅक्रो तर निव्वळ खोगीरभरती. मागच्या बाजूला तीन डोळे दिसावेत म्हणून. फुलाचा जवळून फोटो हवा तर मुख्य कॅमेराच थोडा लांब धरून २एक्स वापरा, कित्येक पटींनी सरस येतो. हाच पैसा एका मध्यम टेलिफोटोवर खर्च झाला असता तर फलकावरचा आकडा लहान झाला असता, आणि कॅमेरा मोठा.

तुलनेला दोन फोन घ्या. २०२३ चा गॅलेक्सी एस२३ अल्ट्रा, तेव्हाची किंमत सव्वा लाखाला एक रुपया कमी, मुख्य कॅमेरा तोच २०० मेगापिक्सेलचा. पण सेन्सर १/१.३ इंचाचा एचपी२, चिप कितीतरी ताकदवान आणि सोबतीला ३एक्स व १०एक्सच्या वेगळ्या लेन्स. आकडा एकच, कॅमेरे दोन जगांतले. दुसरा पिक्सेल ६ए, २०२२ चा. त्यात १२.२ मेगापिक्सेलचा जुना सोनी सेन्सर, क्षेत्रफळ रेडमीच्या निम्म्याहूनही कमी. तरी त्वचेचा रंग आणि उन्हा-सावलीचा समतोल यात तो रेडमीला मागे टाकतो, कारण चौकटी जुळवण्यावर गूगलने वर्षानुवर्षं काम केलं आहे. लहान सेन्सर चांगला असं मात्र यातून काढू नका. तोच हिशेब मोठ्या सेन्सरवर केला तर आणखी चांगलं येतं, आणि गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ पासून नेमकं तेच केलं: सेन्सर १/१.३१ इंचाचा, ५० मेगापिक्सेल, फोटो साडेबाराचा.

भरपूर पिक्सेल घेऊन थोडे करायचे, ही कल्पना तशी जुनी. नोकिया ८०८ प्युअरव्ह्यूमध्ये २०१२ साली ४१ मेगापिक्सेल होते आणि नेहमीचा फोटो ५ चा. मात्र त्याचा सेन्सर १/१.२ इंचाचा आणि पिक्सेल १.४ मायक्रॉनचा होता. पाठीवर टेंगूळ आलं तरी चालेल म्हणून नोकियाने ते केलं. पुढे २०१८ च्या अखेरीस ४८, २०१९ मध्ये ६४ आणि १०८, मग २०२२ मध्ये २०० असा आकडा चढत गेला. बहुतेकांचा नेहमीचा फोटो मात्र बारा-सोळाच्या घरातच घुटमळत राहिला.

रेडमी नोट १३ प्रो घ्यावा का? कॅमेऱ्यासाठीच घेत असाल तर त्याचा मुख्य कॅमेरा किंमतीच्या मानाने चांगला आहे. मोठा सेन्सर, उघडी लेन्स आणि ओआयएस यांमुळे. हेच तिन्ही ५० मेगापिक्सेलच्या फोनमध्ये मिळत असतील आणि वर बरा अल्ट्रावाइड असेल, तर तो घ्या. १२८ जीबीचा फोन घेतलात तर २०० चा मोड जपून वापरा: दृश्यात तपशील जास्त असेल तर एक फाइल ४० एमबीच्या आसपास जाते, शंभर फोटो म्हणजे चार जीबी, आणि या फोनला मेमरी कार्डाची जागा नाही.

आणि सातबारा किंवा आधार कार्डाचा फोटो काढताना फोन अगदी जवळ नेऊ नका. मोठ्या सेन्सरची, उघड्या लेन्सची फोकसची पट्टी अरुंद असते; मधली अक्षरं लख्ख येतात आणि कडेचे गट नंबर पुसट. नेहमीच्या मोडमध्येच फूटभर वर धरा, २एक्स दाबा, कागदाच्या मधोमध बोट टेकवून फोकस घ्या.