इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवायचे, तर मॅटलॅब, पायथॉन की आर?

ऐरोली, नेरूळ किंवा ठाण्यातील एखाद्या महाविद्यालयात इलेक्ट्रिकल शाखेला संख्याशास्त्र आणि संगणकीय पद्धती शिकवण्याचे काम अंगावर आले की पहिला प्रश्न साधनाचा येतो. सरासरी, प्रमाण विचलन (वाचनांच्या विखुरलेपणाचे माप), समाश्रयण (रिग्रेशन) हे सारे मॅटलॅब, पायथॉन आणि आर या तिन्ही संगणकीय साधनांत होते. म्हणून विद्यार्थी कशात कुठे फसतो, हे पाहून निवड करणे मला अधिक योग्य वाटते.

मॅटलॅब मुळात मॅट्रिक्सच्या गणितासाठी जन्मले आणि १९८४ पासून ते व्यावसायिक स्वरूपात विकले जाते. सर्किटची नोडल समीकरणे फळ्यावर जशी मांडतो जवळजवळ तशीच त्यात लिहिता येतात, शिवाय ड्राइव्ह आणि कंट्रोल सिस्टिमसाठी ठोकळ्यांच्या आकृतीतून प्रणालीची नक्कल चालवणारे सिम्युलिंक हाताशी असते. अडचण परवान्याची आहे. तो केवळ लॅबच्या संगणकांपुरता असेल, तर कल्याण किंवा पनवेलहून येणाऱ्या मुलाचा सराव लॅबची वेळ संपताच थांबतो. जवळजवळ मॅटलॅबचीच भाषा वापरणारे ऑक्टेव्ह हा त्यावरचा मोफत उतारा आहे, पण त्यात सिम्युलिंक नाही. सायलॅब या आणखी एका मोफत साधनात सिम्युलिंकच्या जोडीचे एक्सकॉस आहे, आणि पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅबचे धडे मराठीतूनही मिळतात.

पायथॉन मोफत आहे आणि गुगल कोलॅबमुळे ब्राउझरमध्येही चालते. काल्पनिक संख्येसाठी त्यात आपले ‘जे’च वापरले आहे, ‘आय’ नव्हे, ही इलेक्ट्रिकलवाल्यांना सुखावणारी गोष्ट. मात्र त्याचे सापळे गप्प बसणारे आहेत. नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीत दोन ॲरेंच्या (संख्यांच्या तक्त्यांच्या) मध्ये गुणाकाराचे तारांकित चिन्ह घातले की घटकाला घटकाने गुणले जाते, मॅट्रिक्सचा गुणाकार होत नाही. मॅट्रिक्स चौरस असतील तर चूक दाखवणारा संदेशही येत नाही आणि चुकीचे व्होल्टेज निमूटपणे जर्नलमध्ये उतरते.

दुसरा सापळा थेट संख्याशास्त्रातला आहे. एकाच बिंदूवरील व्होल्टेजची २२८, २२९, २३०, २३१ आणि २३२ ही पाच वाचने घ्या. विचलनांच्या वर्गांची बेरीज १० येते. मॅटलॅब, ऑक्टेव्ह आणि आर तिला ४ ने भागतात व प्रमाण विचलन १.५८ देतात, नमपाय मात्र वेगळे सांगितले नाही तर ५ ने भागून १.४१ देते, आणि त्याच पायथॉनमधील पांडाज ही दुसरी लायब्ररी पुन्हा १.५८ म्हणते. एका बाकावरील दोन मुलांची उत्तरे अशी वेगळी आली की नमुना (निवडक वाचने, म्हणून भाजक एकने कमी) आणि समष्टी (सगळी वाचने) यांतला फरक शिकवायला याहून चांगली संधी मिळत नाही. हा दोष मी पायथॉनच्या जमेच्या बाजूला धरतो.

आर हे संख्याशास्त्रज्ञांनी घडवलेले साधन आहे. केबलच्या इन्सुलेशनच्या आयुष्याची चाचणी ठरावीक तासांनी थांबवली आणि काही नमुने तोवर निकामीच झाले नाहीत, तर ती अपूर्ण वाचने वगळून चालत नाही. अशा माहितीवर वायबुल वितरण (आयुष्यमानासाठीचे संख्याशास्त्रीय प्रारूप) बसवण्याची सोय आरसोबत येणाऱ्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये तयार मिळते. पदव्युत्तर प्रकल्पासाठी आर उत्तमच, पण दुसऱ्या वर्षाला केवळ तेवढ्यासाठी आणखी एक भाषा लादू नये.

माझा कौल दुसऱ्या वर्षाला पायथॉन आणि तिसऱ्या वर्षी सिम्युलिंकपुरते मॅटलॅब, असा आहे. तास मोजकेच असतील आणि शिकवणाऱ्याचा हात मॅटलॅबवर बसलेला असेल, तर ऑक्टेव्ह घ्यावे आणि उरलेला वेळ प्रत्यक्ष वाचनांच्या माहितीवर (डेटावर) खर्च करावा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या, राज्याच्या वीज ग्रिडचे नियंत्रण करणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राच्या दारातून रोज जाणाऱ्या मुलांना ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राखायची असते, हे ठाऊक हवे. आणि दर सेकंदाला घेतलेली तिची वाचने परस्परांपासून स्वतंत्र नसल्याने सरासरीची प्रमाण त्रुटी (सरासरी किती अनिश्चित आहे याचे माप) नेहमीच्या सूत्राने फसवी लहान येते, हेही. ती चूक तिन्ही साधने सारख्याच आत्मविश्वासाने छापतात.