क्लच प्लेट बदलली, आणि सोबत बोलणीही खाल्ली!

पुण्यात कात्रजच्या अलीकडे छोटंसं गॅरेज आहे, बाहेर धड बोर्डपण नाही, पण काम एक नंबर. माझी गाडी चढाला नुसती रेस व्हायची, आवाज वाढतोय पण पिकअपच नाही, आणि नवले ब्रिजच्या ट्रॅफिकमधे तर जळका वास यायला लागला. आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी न चालवताच "इंजिनचं काम निघेल" सांगून घाबरवलेलं.

इथल्या काकांनी हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला, थोडी रेस देऊन क्लच सोडला. म्हणे इंजिन लगेच बंद पडायला पाहिजे, आमचं आपलं मस्त चालूच! म्हणजे क्लच स्लिप होतोय, प्लेट पकडच घेत नाही. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्लचचे हे तिन्ही पार्ट एकदम बदलले, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी परत कोण देणार. जुनी प्लेट हातात दिली, पार रिव्हेटपर्यंत घासलेली.

मग शाळा घेतली माझी. "क्लचवर पाय ठेवून चालवता ना साहेब?" खोटं कशाला बोलू, सिग्नलला चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय कॉलेजपासूनची. आता हँडब्रेक लावतो, मागचा हॉर्न वाजवेना का.

सकाळी दिलेली गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली, एवढाच वैताग. चहा मात्र दोनदा पाजला.