गच्चीवरचा टोमॅटो: जूनची लावण की सप्टेंबरची?

बी दोन्ही वेळा आठवडाभरात उगवतं. फरक पडतो तो पुढे.

जूनच्या रोपाला पाणी घालायची कटकट नाही, पण तेच पाणी घात करतं. खालच्या पानांवर एकात एक वळी असलेले तपकिरी डाग दिसले की समजायचं, करपा आला. वीतभर उंचीपर्यंतची पानं खुडा, झाड काठीला बांधा, मातीवर पाचोळा अंथरा. म्हणजे चिखलाचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. कोकणात एवढं करूनही हाती फारसं लागत नाही, देशावर कमी पावसात मात्र जमतं.

सप्टेंबरअखेर बी टाकलं तर पंचवीसेक दिवसांनी रोप १२ इंची कुंडीत लावा, खालची दोन पानं काढून खोडाचा तेवढा भाग मातीत गाडून. तिथूनही मुळं फुटतात. फुलं येतात तेव्हा रात्री १५ ते २० अंशांच्या असतात, त्यामुळे फळ नीट धरतं. त्रास पांढऱ्या माशीचा: पानं आकसवणारा विषाणू तीच आणते. पिवळे चिकट सापळे लावा. आणि पाणी रोज सारखंच. दोन दिवस कोरडं, मग बादलीभर, असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि बूड काळं पडतं.

कुंडी एकच असेल तर सप्टेंबरच धरा.